शुश्रूषेच्या शाळेत माणसाचा शोध

रुग्णालयात काही दिवस काढून घरी परतलेला मनुष्य डॉक्टरांचे नाव सहसा विसरत नाही. पण रात्री दोन वाजता उशी सारखी करून देणाऱ्या परिचारिकेचे नाव त्याला बहुधा ठाऊकच नसते. तरीही तिचा हात त्याच्या स्मरणात राहतो. तो हात हळुवार होता की घाईचा, हे तो पुढे कितीतरी वर्षे सांगत असतो. हा हळुवारपणा येतो कोठून? तो उपजत असतो, घरच्या संस्कारांतून येतो, की शिकविता येतो? आणि शिकविता येत असेल, तर कोणत्या रीतीने? गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत परिचारिकांच्या शिक्षणाचा जो इतिहास घडला, तो पुष्कळ अंशी या प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास मानसशास्त्रात 'मानवतावादी' म्हणून ओळखला जाणारा एक विचारप्रवाह उदयास आला. शिकणे म्हणजे नेमके काय, याची त्याने नव्याने मांडणी केली, आणि ती मांडणी परिचारिकांच्या शिक्षणाने विशेष मनावर घेतली. आपल्या समाजात लेक, सून किंवा बहीण या सेवेत नाही अशी कुटुंबे थोडीच असतील. म्हणून हा इतिहास आपण समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते. त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते : शिकणाऱ्या मुलीला शाळेत जसे वागविले जाते, तसेच ती पुढे रुग्णाला वागविते.

दिवा आणि शिस्त

रुग्णसेवेची ख्रिस्ती परंपरा फार जुनी आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ द मारिलॅक यांनी १६३३ साली पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या भगिनी मठाच्या भिंतींबाहेर पडल्या आणि गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करू लागल्या. जर्मनीत कैझर्सवेर्थ येथे पास्टर थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ साली प्रॉटेस्टंट सेविकांची संस्था उघडली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली कैझर्सवेर्थला सुमारे तीन महिने राहिल्या, आणि १८५३ साली पॅरिसमधील भगिनींचे कार्यही त्यांनी जवळून पाहिले. पुढे क्रिमियाच्या युद्धात त्यांनी जे काम केले, त्याविषयीच्या कृतज्ञतेने इंग्लंडच्या जनतेने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. त्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ९ जुलै १८६० रोजी परिचारिकांची शाळा सुरू झाली.

या शाळेची रचना पाहण्यासारखी होती. मुलींची राहण्याजेवण्याची सोय होई व वर्षाला १० पौंड वेतन मिळे. प्रत्येक मुलीच्या वर्तनाचा एक तक्ता मेट्रन दरमहा भरीत असे : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. त्याचबरोबर मुलींनी दिवसभरात काय पाहिले, काय केले, याची रोजनिशी लिहावी अशी अपेक्षा असे. तक्ता आणि रोजनिशी या दोन गोष्टींत पुढील दीडशे वर्षांचा झगडा बीजरूपाने साठलेला आहे, असे आम्ही म्हणू. तक्त्यात मुलीकडे बाहेरून पाहिले जाते. रोजनिशीत मुलगी स्वतः पाहते. नाइटिंगेलबाईंना दोन्ही हवे होते. त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या १८५९ सालच्या पुस्तकाचा मोठा भाग रुग्णाचे निरीक्षण कसे करावे, त्याला कशाचा त्रास होतो हे त्याच्या जागी बसून कसे ओळखावे, यासाठीच खर्ची पडला आहे. परंतु त्यांच्यानंतरच्या शाळांनी तक्ता तेवढा उचलला. रोजनिशी मागे पडली.

विद्यार्थिनी की मोलकरीण?

अमेरिकेत १८७३ साली न्यू यॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे नाइटिंगेल पद्धतीच्या पहिल्या शाळा निघाल्या. रुग्णालयांच्या चालकांच्या लवकरच ध्यानात आले की, शाळा उघडली म्हणजे वॉर्डात राबणारे हात जवळजवळ फुकट मिळतात. मग शाळांचे पेव फुटले. १९२०-३० या दशकात त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विद्यार्थिनी दिवसभर फरशी पुसावी, चादरी बदलाव्या, बेडपॅन धुवावे आणि रात्री थकल्या डोळ्यांनी एखादे व्याख्यान ऐकावे, असा क्रम होता. १८९३ साली डेट्रॉइट येथे परिचारिकांसाठी जी प्रसिद्ध प्रतिज्ञा रचली गेली, तिला नाइटिंगेलबाईंचे नाव देण्यात आले. तीत डॉक्टरांशी निष्ठेने वागण्याचे वचन होते. रुग्णाचे कल्याण तीत होते, पण प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता.

याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. १८९९ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिचारिकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९०७ साली तेथेच अ‍ॅडलेड नटिंग या परिचर्येच्या जगातील पहिल्या प्राध्यापिका झाल्या. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितले की, रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांत संघर्ष आला की बळी नेहमी शिक्षणाचा जातो. १९४८ साली एस्थर ल्यूसिल ब्राऊन यांनी आपल्या अहवालात परिचारिकांचे शिक्षण विद्यापीठांकडे जावे अशी शिफारस केली. पण विद्यापीठात नेऊन काय शिकवायचे? कसे शिकवायचे? या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या दिशेने येणार होती.

रस्त्यापलीकडचे विद्यालय

१९२४ साली एक तरुण धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला. दोन वर्षांनी त्याने सेमिनरी सोडली आणि रस्ता ओलांडून समोरच्या टीचर्स कॉलेजात नाव घातले. त्याचे नाव कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७). पुढे बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम केले. तेथील एक प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाच्या आईला ते अनेक भेटींतून समजावीत होते की, दोष तिच्या वागण्यात आहे. तिला ते काही केल्या पटेना. शेवटी रॉजर्सनी पराभव मान्य केला व भेटी थांबवू या असे सुचविले. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले की, तुम्ही येथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? मग ती परत येऊन बसली व आपल्या संसाराचे दुःख सांगू लागली. उपचार खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्सनी त्या दिवशी घेतला.

त्यातून त्यांची उपचारपद्धती घडली आणि उपचारातून शिक्षणाचा विचार आला. १९५१ सालच्या 'क्लायंट-सेंटर्ड थेरपी' या ग्रंथात विद्यार्थिकेंद्री अध्यापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. १९५२ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका परिषदेत त्यांनी एक छोटे टिपण वाचले. दुसऱ्याला सरळ शिकवून देता येते त्याचा माणसाच्या वागण्यावर फारसा प्रभाव पडत नाही, प्रभाव पडतो तो स्वतः शोधून स्वतःच्या केलेल्या ज्ञानाचा, असा त्याचा आशय होता. शिक्षकांच्या त्या सभेत एकच खळबळ उडाली. १९५७ साली त्यांनी माणसात बदल घडण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतील तीन शिक्षणशास्त्रात रूढ झाल्या : मदत करणाऱ्याचा सच्चेपणा, समोरच्याविषयी अटी न घालता आदर, आणि त्याच्या दृष्टीने त्याचे जग पाहण्याची शक्ती, म्हणजे समानुभूती. १९६९ सालच्या 'फ्रीडम टू लर्न' या पुस्तकात त्यांनी शिक्षकाला शिकणे सुकर करून देणारा सोबती म्हटले.

याच काळात अब्राहम मॅस्लो (१९०८-१९७०) यांनी मानवी गरजांची चढती मांडणी केली. १९४३ सालच्या त्यांच्या निबंधात भूक-तहान, सुरक्षितता, आपुलकी, मानसन्मान आणि सर्वांत शेवटी आपल्यातील सामर्थ्याची परिपूर्ती, अशा पाच पायऱ्या आहेत. माल्कम नोल्स (१९१३-१९९७) यांनी १९७० साली प्रौढांच्या शिक्षणाचे शास्त्र मांडले. प्रौढ मनुष्य अनुभवाची शिदोरी घेऊन येतो, जे आज उपयोगी पडेल ते त्याला शिकायचे असते, आणि आपल्या शिक्षणाची दिशा त्याला स्वतः ठरवायची असते, हे त्यांचे सूत्र. या तिघांच्या विचारांना मिळून पुढे मानवतावादी अध्ययन-उपपत्ती असे नाव मिळाले.

तिचा प्रतिपक्षही ध्यानात घेतला पाहिजे. त्या काळी अमेरिकेत वर्तनवादाचा जोर होता. राल्फ टायलर यांच्या १९४९ सालच्या पुस्तकाने अभ्यासक्रमाची एक चोख पद्धत घालून दिली : उद्दिष्ट ठरवा, अनुभव योजा, शेवटी मोजमाप करा. उद्दिष्टे मोजता येतील अशा वर्तनात सांगण्याचा पायंडा मग दृढ झाला आणि परिचारिकांच्या शाळांनी तो आनंदाने स्वीकारला. ताप अचूक घेता येतो का, हे मोजता येते. रुग्ण रडू लागला तेव्हा ती तेथून निघून गेली की थांबली, हे कोणत्या रकान्यात भरावयाचे?

रुग्णाजवळ बसणाऱ्या स्त्रिया

मानवतावादी विचार परिचारिकांनी मानसशास्त्रज्ञांकडून आयता उचलला, असे समजणे मात्र चुकीचे होईल. त्या आपल्या वाटेने तेथे पोचल्या होत्या. हिल्डगार्ड पेप्लाऊ (१९०९-१९९९) यांनी 'इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग' हा ग्रंथ १९४८ सालीच लिहून पूर्ण केला होता. पण सहलेखक म्हणून डॉक्टराचे नाव नसलेले परिचारिकेचे पुस्तक काढण्यास प्रकाशक धजेनात. तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच शुश्रूषेचे मुख्य साधन होय, आणि त्या नात्यात दोघेही वाढतात, असे पेप्लाऊबाईंनी मांडले.

त्यांची शिकविण्याची पद्धत साधी होती. रुग्णाशी झालेले संभाषण विद्यार्थिनीने शक्य तितके शब्दशः लिहून काढावयाचे : तो काय म्हणाला, मी काय म्हटले, त्या वेळी माझ्या मनात काय आले. मग शिक्षिकेबरोबर बसून ते वाचावयाचे. समजा, एक म्हातारा रुग्ण म्हणाला, "मला आता घरी जायला मिळणार नाही." विद्यार्थिनीने उत्तर दिले, "असं बोलू नका आजोबा, तुम्ही लवकर बरे व्हाल." कागदावर उतरलेले हे उत्तर पुन्हा वाचताना तिच्या लक्षात येते की, तिने धीर दिला तो आजोबांना नव्हे, स्वतःलाच. आजोबांना बोलावयाचे होते आणि तिने दार लावून घेतले. हे कोणी व्याख्यानातून सांगितले असते तर तिने वहीत उतरवून घेतले असते आणि विसरून गेली असती. नाइटिंगेलबाईंची हरवलेली रोजनिशी नव्वद वर्षांनी अशा रीतीने परत आली.

येल विद्यापीठात आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली सांगितले की, रुग्ण जे मागतो तेच त्याला हवे असते असे नाही. म्हणून परिचारिकेने आपल्याला काय वाटले ते रुग्णाला सांगून पडताळून घ्यावे. वारंवार घंटा वाजवून पाणी मागणाऱ्याला कदाचित पाणी नको असेल, उद्याच्या शस्त्रक्रियेची धास्ती वाटत असेल. जॉइस ट्रॅव्हलबी यांनी १९६६ साली यापुढचे पाऊल टाकले. 'रुग्ण' आणि 'परिचारिका' ही लेबले गळून पडून माणूस माणसाला भेटतो तेव्हाच शुश्रूषा घडते, आणि दुःखात अर्थ शोधण्यास साहाय्य करणे हेही तिचे काम आहे, असे त्या म्हणत. व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९७६ साली जोसेफिन पॅटरसन आणि लोरेटा झेडेराड यांनी आपल्या ग्रंथाचे नावच 'ह्यूमॅनिस्टिक नर्सिंग' असे ठेवले. त्यांच्या लेखनात मार्टिन बूबर व कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांचे ऋण उघड दिसते.

कॅनडातील सेंट मार्था संघाच्या सिस्टर सिमोन रोच यांचे नाव आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटावे. कॅनडाच्या परिचारिका संघटनेची १९८० सालची आचारसंहिता तयार करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. काळजी घेणे हा परिचारिकेचा खास गुण नसून तो मनुष्यत्वाचाच धर्म आहे, परिचारिका तो व्यवसायरूपाने जगते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी शुश्रूषेची पाच अंगे सांगितली : करुणा, कौशल्य, विश्वास, सदसद्विवेक आणि बांधिलकी. करुणेशेजारीच कौशल्य ठेवले आहे, हे महत्त्वाचे. १९८९ साली एम बेव्हिस आणि जीन वॉटसन यांनी या साऱ्या विचारांच्या आधारे टायलरच्या चौकटीला पर्याय देणारा अभ्यासक्रम-विचार मांडला. विद्यार्थिनी व शिक्षिका यांचे नाते हाच अभ्यासक्रमाचा गाभा, असे त्यांचे सांगणे होते.

भीती कोणाला बाधते?

येथे एखादा व्यवहारी वाचक विचारील की, हे सारे ऐकावयास गोड आहे, पण चाळीस खाटांच्या वॉर्डात ते चालेल काय? परिचारिकेने भावनेत गुंतावे की काम उरकावे?

या प्रश्नाचे उत्तर लंडनमधील एका जुन्या अभ्यासात सापडते. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक विदुषीने एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाची पाहणी करून १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुःख, घाण आणि मृत्यू यांच्या सतत सान्निध्याने मनात जी अस्वस्थता दाटते, तिच्यापासून बचाव करण्यासाठी रुग्णालयाने एक यंत्रणाच उभारलेली तिला आढळली. एका मुलीने सर्वांचा ताप घ्यावयाचा, दुसरीने सर्वांच्या चादरी बदलावयाच्या, म्हणजे कोणाचाच एका माणसाशी संबंध नको. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा त्याच्या बिघडलेल्या अवयवाने ओळखावयाचे. भावना दाखविणारी मुलगी कच्ची ठरे. एवढे करून अस्वस्थता कमी झाली काय? मुळीच नाही. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, आणि सोडून जाणाऱ्यांत गुणी मुलीही होत्या. भावना दडपल्याने कामाचा ताण हलका होतो, ही समजूत त्या अभ्यासाने खोटी ठरविली.

दुसरा पुरावा अधिक अलीकडचा आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला व तो १९९६ साली प्रसिद्ध केला. जेथे परिचारिकांचे नेतृत्व चांगले आणि आपसांतील संबंध मोकळे तेथे चुका कमी असतील, ही तिची अपेक्षा. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद अधिक होती. खोलात शिरल्यावर उलगडा झाला की, त्या विभागांत चुका अधिक घडत होत्या असे मानण्याचे कारण नव्हते; तेथे त्या सांगितल्या जात होत्या. जेथे वरिष्ठांची दहशत होती तेथे चुका झाकल्या जात होत्या.

अटी न घालता आदर या रॉजर्सच्या शब्दांचा वॉर्डातील अर्थ येथे कळतो. विद्यार्थिनीच्या हातून चुकीच्या रुग्णाला गोळी गेली. वॉर्ड सिस्टरच्या भीतीने ती गप्प राहिली, तर त्या गोळीचा परिणाम रुग्ण भोगतो. "सिस्टर, माझ्याकडून चूक झाली," असे तिला पाच मिनिटांत म्हणता आले, तर डॉक्टरांना बोलाविता येते. तेव्हा विद्यार्थिनीला मान देणे ही चैन नव्हे किंवा लाडही नव्हेत. ते रुग्णाच्या सुरक्षिततेचे साधन आहे.

स्वातंत्र्याची मर्यादा

तरी या विचाराच्या मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंजेक्शनची मात्रा विद्यार्थिनीच्या आवडीनिवडीवर सोडता येत नाही. हात कसे धुवावेत याविषयी तिचे मत विचारून भागत नाही. ज्ञान स्वतः शोधावे हे खरे. पण रुग्णाच्या शरीरावर चाचपडत शोधण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या विचाराची एक कसोटी कॅथलिक जगानेही पाहिली आहे. १९६७ च्या सुमारास रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथील इमॅक्युलेट हार्ट संघाच्या भगिनींच्या महाविद्यालयात व शाळांत मोकळ्या गटचर्चांचा प्रयोग केला. त्याच सुमारास या संघाचा तेथील कार्डिनल मॅकिंटायर यांच्याशी नूतनीकरणावरून वाद पेटला, आणि १९७० साली बहुसंख्य भगिनींनी आपली व्रते सोडून निराळा समुदाय स्थापन केला. त्या प्रयोगात सहभागी असलेले विल्यम कूलसन यांनी पुढे त्यावर कडक टीका केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे नूतनीकरण आणि अधिकाराचा प्रश्न हीही त्या फुटीची कारणे होती. म्हणून सारा दोष एका मानसशास्त्रज्ञाच्या माथी मारणे न्याय्य नाही. तरी एक बोध त्यातून घेता येईल. आत्मशोधाला बाहेरचे असे काही ध्येय हवे. परिचारिकेच्या शिक्षणात ते ध्येय खाटेवर पडलेले असते. तिचा आत्मविकास रुग्णाच्या वाटेने होतो. रुग्णाला बाजूला ठेवून होत नाही.

म्हणूनच अनुभवी शिक्षिकांनी मध्यम मार्ग काढला. नोल्स यांनी पुरस्कारिलेला 'अध्ययन-करार' हा त्यांतील एक. विद्यार्थिनी आणि शिक्षिका एकत्र बसून ठरवितात : काय शिकावयाचे, कोणत्या मार्गाने, किती दिवसांत, आणि शिकले याचा पुरावा काय. कोणती कौशल्ये आलीच पाहिजेत हे शिक्षिका ठरविते. त्यांच्यापर्यंत कसे पोचावे हे विद्यार्थिनी ठरविते. ब्रिटनमध्ये १९८९ पासून लागू झालेल्या 'प्रोजेक्ट २०००' या योजनेने विद्यार्थिनीला वॉर्डाच्या मनुष्यबळातून वेगळे काढले, तिला आधी विद्यार्थिनी मानले. परंतु योजना बदलली म्हणून मने बदलतात असे नाही. तेथील मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातील अनास्थेवर २०१३ साली फ्रान्सिस अहवाल आला, तेव्हा पाण्यासाठी तळमळणाऱ्या रुग्णांच्या कहाण्यांनी देश हादरला. अपुरे कर्मचारी, खर्चकपात आणि बोलण्याची भीती ही त्यामागची कारणे पाहिली, म्हणजे करुणेचे पाठ देऊन परिचारिकेला एकटे सोडणे किती निष्फळ आहे, हे ध्यानात येते.

मॅस्लोच्या पायऱ्यांचेही तसेच आहे. आधी श्वास, मग वेदना, मग बाकीचे, हा क्रम नव्या विद्यार्थिनीला फार उपयोगी पडतो. पण मरणाच्या दारातील माणसाला कधी पाण्याच्या घोटाआधी अबोला धरलेला भाऊ भेटावयास हवा असतो, कधी धर्मगुरू हवा असतो. शिडी पाठ केलेली परिचारिका पाणी पुढे करील. माणूस वाचावयास शिकलेली परिचारिका भावाला निरोप धाडील.

आपल्याकडे काय?

भारतात सर जोसेफ भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. एवढ्या टंचाईत विद्यार्थिनीकडे राबणारे हात म्हणून पाहण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करता येते. आज शाळा-महाविद्यालये पुष्कळ वाढली आहेत. २०२१ साली बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र व श्रेयांक पद्धतीवर आणि क्षमतांच्या आधारावर नव्याने आखला गेला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. चौकटी बदलत आहेत. आत काय भरावयाचे हे शिक्षिकांच्या हाती आहे.

महाराष्ट्रापुरता एक प्रश्न आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. आपल्या कितीतरी मुली मराठी शाळेतून येतात. त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजी, नोंदी इंग्रजी. रुग्ण मात्र मराठीत कण्हतो. दिवसभर एका मरणासन्न बाईजवळ बसलेली मुलगी रात्री वहीत 'पेशंट कोऑपरेटिव्ह होता' एवढेच लिहिते, कारण तिच्याजवळ परक्या भाषेत तेवढेच शब्द असतात. त्या बाईने तिचा हात घट्ट धरला तेव्हा तिला स्वतःच्या आजीची आठवण झाली, हे तिला मायबोलीतच लिहिता येईल. औषधांची नावे व मात्रा इंग्रजीत असाव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण मनाची रोजनिशी मुलीच्या भाषेत लिहू देण्यास कोणाची हरकत असावी?

रुग्णाला शिकविण्याच्या बाबतीतही हेच. मधुमेहाचे निदान झालेल्या गृहिणीला पथ्याचा छापील कागद देऊन वाचून दाखविणे, हे शिकविणे नव्हे. "घरी स्वयंपाक कोण करतं? सकाळी भाकरी की भात? सणाला काय काय होतं?" असे विचारून तिच्याच चुलीवरून पथ्य ठरविणारी परिचारिका नोल्सचे नाव न ऐकताही त्यांचे सूत्र आचरणात आणीत असते. प्रौढ माणसाने आयुष्यभर जे अनुभवले त्याला मान दिल्याशिवाय त्याला नवे काही शिकविता येत नाही.

आमच्या समाजात रुग्णालये आणि परिचर्या-विद्यालये चालविणाऱ्या संस्था आहेत, तेथे शिकविणाऱ्या धर्मभगिनी आहेत, आणि मुलींना या शिक्षणासाठी धाडणारे आईबाप आहेत. या सर्वांनी कोणत्याही विद्यालयासंबंधी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. पहिल्यांदा मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थिनीला त्याच दिवशी कोणाजवळ तरी बोलता येते काय? वर्गात शिकविणारी शिक्षिका वॉर्डात तिच्या बाजूला उभी राहते काय? आणि "मला हे अजून येत नाही," असे म्हणण्याची तिला मुभा आहे काय? इमारत, गणवेश आणि निकालाची टक्केवारी यांची चौकशी आपण करतोच. या तीन प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी आली, तर त्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हाती आपला म्हातारा बाप निर्धास्तपणे सोपविता येईल.